चार पानं, पाचवं नाही

...नाही, पण पाटीवर 'डॉ.' लिहिलंय म्हणून काय कुणीही सकाळी साडेसातला बेल वाजवायची? आज त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी. कडेवर नातू, नातवाचा चेहरा कोमेजलेला, आणि "डॉक्टरसाब हैं? इसको कल से लूज मोशन है." मी म्हटलं, भाभी, ये वो वाले डॉक्टर नहीं हैं. "तो कौन से हैं?" आता काय सांगू? म्हटलं, ये जाल के डॉक्टर हैं, मछली का जाल, कम्प्यूटर में. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणतात, "अच्छा, आँख में जाला आता है वो! मतलब आँख के." आणि गेल्या! आता आमच्या सिल्व्हर पार्कमध्ये ज्याला ज्याला मोतीबिंदू आहे तो रविवारपर्यंत माझ्या दारात येणार, बघा तुम्ही.

आणि हे सगळं कशामुळे? चार पानांमुळे. तुम्हाला सांगते, लोक कादंबऱ्या लिहितात, चारशे पानांच्या, त्यांच्या बायका सुखाने झोपतात. आमच्याकडे चार पानं लिहायला तीन वर्षं लागली. चार पानं. पाचवं नाही.

सांगते, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही डोळे दाखवायला याल. आमचा ईश्वर, म्हणजे माझा नवरा. नावानेच हाक मारते मी, सासूबाईंना ते शेवटपर्यंत चाललं नाही, पण आता त्या नाहीत आणि सवय आहे. तर ईश्वर पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट. मग कॉम्प्युटर आले, शिकवायला माणूस मिळेना, म्हणून याला लेक्चरर केलं, तात्पुरतं. तात्पुरतं म्हणजे कसं, तर पाहुण्याला दिलेली खुर्ची, बसा पण टेकू नका. कागदावर अट लिहिली होती, शहाण्णवच्या जूनपर्यंत डॉक्टरेट आणायची, नाहीतर परत लॅब असिस्टंट. आता तुम्हीच सांगा, ज्या पोरांना पाच वर्षं 'सर' म्हणून शिकवलं, त्यांच्या हाताखाली वायरी गुंडाळत फिरायचं? वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी?  कॅलेंडरचं जूनचं पान त्याने कधी नीट बघितलं नाही, मेनंतर नजर सरळ जुलैवर.

आणि डॉक्टरेट कशात, तर कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये. म्हणजे कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घ्यायची. आपण काढली तर दहा मिनिटांत होतील, पण नाही, त्यानेच काढली पाहिजेत, आणि तो एका चित्राला नऊ तास घेणार. कॉलेजने मोडीत काढलेलं मशीन आमच्या बेडरूममध्ये, घरातला एकमेव टेबल फॅन त्याच्याकडे तोंड करून, मी घामाघूम आणि मशीन गारेगार. आठ तास झाले की मीरा रोडची लाइट जायची. बरोब्बर आठ तास! त्या सबस्टेशनवाल्याला काय स्वप्न पडत होतं कोण जाणे. मग परत पहिल्यापासून.

त्याचे गाईड म्हणजे त्याच्याच कॉलेजातले विभागप्रमुख. हेडसाहेब म्हणायचे सगळे, आपणही तेच म्हणू. हेडसाहेबांनी सांगितलं, "वायंगणकर, अमेरिकेतल्या त्या परिषदेत एक तरी पेपर छापून आणा, मग तुमचा प्रबंध मी पुढे सरकवतो." आता त्या परिषदेत मोठे पेपर मोठ्या लोकांचे. आमच्यासारख्यांसाठी छोट्या पेपरांचा विभाग. चार पानं. त्यात तुमचं डोकं, तुमची चित्रं, तुमचे आभार, सगळं बसवा. पाचवं पान दिसलं की न वाचता परत. मी फोर्टला सरकारी ऑफिसात टायपिस्ट, एकोणीस वर्षं झाली, माझी एक ओळ कधी मार्जिनबाहेर गेली नाही, म्हटलं, त्यात काय एवढं? चार पानं मी जेवणाच्या सुट्टीत हातावेगळी करते. हा हसला. तेव्हा हसायचा.

पहिल्या वर्षी किटली. हो, चहाची! जगातले हे सगळे विद्वान म्हणे चहाची किटलीच काढतात, कुणी चकचकीत, कुणी काचेची. ईश्वरने किटलीवर कापड टाकलं. कापड कसं पडतं, चुण्या कशा पडतात. चार महिन्यांनी पत्र आलं, नापास. कोणी नापास केलं ते सांगत नाहीत हं. तीन परीक्षक, तिघेही निनावी. आमच्या सोसायटीत निनावी पत्र आलं की सेक्रेटरी फाडून टाकतो, इथे ते फाईलला लावायचं! एका निनाव्याने लिहिलं होतं, "कापडं पुष्कळ झाली." बस. वर्षभर मी पंख्याशिवाय झोपले, आणि कापडं पुष्कळ झाली.

त्या रविवारी हा घरात बसेना. पिशवी घेतली, मासे आणतो म्हणाला, आणि गेला जुन्या भाईंदरला, खाडीवर. अकराला गेलेला माणूस तीनला आला, मासे नाहीत, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची, आणि चेहरा असा की मला वाटलं लॉटरी लागली. म्हणाला, "सुचेता, एक म्हातारा आहे. जाळं फेकतो. कापडापेक्षा भारी पडतं!"

तो म्हातारा म्हणजे जानूकाका. जानू राघो तांडेल. सत्तरीचे, काळे, काटक, कमरेला रुमाल, तोंडात पुढचे दोनच दात. पाग म्हणतात ना, हाताने फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या, ते फेकायचे. अर्धं खांद्यावर, अर्धं हातात, आणि कड दातात धरायची. मग अंगाला असा एक हेलकावा द्यायचा, आणि जाळं हवेत उघडायचं, आणि पाण्यावर बसायचं. ईश्वर दर रविवारी जायला लागला. आठवडाभर मशीनवर जाळं पाडायचं, शनिवारी छापायचं, रविवारी जानूकाकांना दाखवायचं. जगात तपासणारे निनावी, पण याचा खरा परीक्षक हा, चिखलात उभा, नाव-गावासकट.

पहिलं चित्र बघितलं नि जानूकाका म्हणाले, "मास्तर, ये काय हाय? जाला हाय का भाकर?"

ईश्वर म्हणाला, काका, गोल पडतं ना जाळं?

"गोल उगरतं. गोल न्हाय परत. दातानची बाजू मागून येते. हातानली बाजू आदी जाते, दातानली सोराला येल लागतो. पानी काय ताट हाय, सगल्या बाजून एकदम लागाला?"

उघडतं गोल, पण पडताना दातातली कड मागून सुटते, हे त्याला कळायला सहा रविवार लागले, आणि मशीनला कळायला आणखी आठ महिने. पण कळलं हं. तुम्हाला सांगते, मला यातलं ओ की ठो समजत नाही, पण ज्या दिवशी ते जाळं मशीनच्या काचेवर पडलं, आधी ही कड, मग ती, आणि सगळ्यात शेवटी दातातली बाजू जराशी लोंबकळत, मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. जानूकाकांना छापलेली सोळा चित्रं एकाखाली एक दाखवली. ओल्या बोटाने त्यांनी सोळाही चित्रं वरून खाली पुसत नेली, शाई पसरली, कागदाला मांदेलीचा वास लागला. शेवटच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हां. आता परला."

चार पानं लिहिली. पाठवली. आणि चार महिन्यांनी निनावी काय लिहितो? "जाळे एका बाजूला आधी पडते आहे. खरे जाळे सर्व बाजूंनी एकदम पडते. प्रोग्रॅममध्ये चूक असावी." चूक! उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात त्या अशा. त्या माणसाने जन्मात जाळं फेकलेलं नाही, फेकलेलं बघितलेलं नाही, मासा बघितला असेल तो बटर लावलेला, आणि म्हणे चूक असावी. ईश्वर पत्र घेऊन हेडसाहेबांकडे गेला. हेडसाहेब म्हणाले, "गोल पाडा हो. तुमचं काय जातंय? गोल म्हणतायत तर गोल पाडा, पास होऊन जाईल." घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, मग पाड ना गोल. हो, म्हटलं मी! पंच्याण्णवचा जानेवारी होता, जूनला सतरा महिने राहिले होते. तर माझ्याकडे बघून म्हणाला, "जानूकाकांना काय दाखवू मग? भाकर?"

म्हणून पुरावा पाहिजे. फोटो पाहिजेत. मीरा रोडला आमच्या ओळखीचा एकच फोटोवाला, उत्तम शूटिंगवाला, लग्न-मुंज-बारसं. त्याला घेऊन गेलो खाडीवर. मीही गेले, पहिल्यांदाच. शांताबाई, म्हणजे जानूकाकांच्या घरवाल्या, त्यांनी काठावर मला बसायला टोपली उपडी घालून दिली. आणि उत्तम, त्याला लग्नाचीच सवय, तो ओरडतोय, "काका, इकडे बघा! जरा स्माइल!" अरे, दातात जाळं धरलेला माणूस स्माइल काय देणार?

दोनदा फेकलं. उत्तम म्हणाला, एकदा अजून, प्रकाश गेला होता. जानूकाका दमले होते, दिसत होतं. ईश्वर म्हणाला राहू दे काका. ते म्हणाले, "न्हाय, मास्तर. काम पुरा करू." आणि तिसऱ्यांदा फेकलं. हेलकावा दिला, जाळं गेलं, उघडलं, असं उघडलं की काय सांगू... आणि जाळ्याबरोबर दात गेला. पुढचा. ज्यात कड धरायचे तो. हनुवटीवरून रक्त, आणि म्हातारा हसतोय. पाण्याने चूळ भरली, हाताने तोंड पुसलं आणि म्हणाले, "झाला. पाग संपली." एका दातावर जाळं फेकता येत नाही. सोप्पं आहे ते. पंचावन्न वर्षं फेकलं, आणि शेवटचं फेकलं ते आमच्या चार पानांसाठी.

उत्तमने तीन फोटो दिले. तिसऱ्यात नीट बघितलंत तर पाण्याच्या जरा वर एक पांढरा ठिपका आहे. धूळ नाही ती.

तेव्हा ईश्वरने त्यांना विचारलं, काका, तुमचं कसं देणं फेडू? जानूकाका चिडलेच. म्हणाले, "पैशाचा बोलू नको. होरीवर वाटा अस्तो. मानसाचा वाटा, होरीचा वाटा, जाल्याचा बी वाटा अस्तो. जाला काय खातं-पितं? तरी वाटा अस्तो. तुजी होरी, तू मानूस. जाला माजा. माजा वाटा तुज्या कागदान ठेव. नाव लिव. जानू राघो तांडेल, भाईंदर."

होरी म्हणजे होडी हं. ईश्वरने मान डोलावली. नुसती डोलावली नाही, जाळ्याला हात लावून हो म्हणाला. मी बघितलं ना. टोपलीवर बसून बघितलं.

आणि पेपर पास झाला! पंच्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये पत्र. निनाव्यांनी फोटो बघितले, मान्य केलं. एकाने तर लिहिलं, फार सुंदर निरीक्षण. कुणाचं निरीक्षण? सांगा ना, कुणाचं? असो. पेढे आणले, सोसायटीत वाटले, आणि आठ दिवसांनी त्या लोकांकडून एक जाड पाकीट आलं, त्यात त्यांचे जाड, पांढरे कागद, आणि प्रत्येक कागदावर निळ्या रेघेची चौकट. आपला मजकूर छापून, कापून, गमाने त्या चौकटीत चिकटवायचा. चौकटीबाहेर एक अक्षर गेलं तर पेपर बाद. आणि इथे घोटाळा! आपला कागद लांबट, त्यांचा कागद बुटका! आमची चार पानं त्यांच्या चौकटीत बसेनात. अकरा ओळी लोंबायला लागल्या पाचव्या पानावर. चार पानं. पाचवं नाही.

मग सुरू झाली कापाकापी. मी आणि तो, डायनिंग टेबलावर, कात्री, गमाची बाटली. 'अत्यंत' काढलं, 'तथापि' काढलं, एक चित्र नखभर लहान केलं. इंग्रजीतले 'द' काढले, विचारलं मी, हे 'द' कशाला लागतात, तर म्हणाला व्याकरणाला, म्हटलं व्याकरण पाचव्या पानावर घालू का? अकरा ओळी गेल्या. एकच जागा उरली, चौथ्या पानाच्या तळाला, आभाराची. एक ओळ. त्या ओळीत जानूकाका.

आणि तेव्हा हेडसाहेबांनी चौकट बघायला मागितली. त्यांची सही लागत होती ना फॉर्मवर. त्यांचं नाव वर होतंच. लेखक म्हणून. पहिलं! ईश्वरचं दुसरं. आयत्या बिळावर नागोबा, पण ते चालतं म्हणे, सगळीकडे चालतं. तर हेडसाहेब तळाची ओळ वाचून म्हणाले, "हे कोण तांडेल? आणि विभागप्रमुखांचे आभार कुठायत?" ईश्वर म्हणाला, सर, आपण लेखकच आहात, स्वतःचे आभार स्वतः कसे मानणार? तर काय म्हणाले असतील? "वर मी लेखक म्हणून आहे, वायंगणकर. खाली विभागप्रमुख म्हणून पाहिजे." आणि ते हसत नव्हते. "दोन्ही बसत असतील तर बसवा. नाहीतर कोळ्याला तोंडी थँक यू म्हणा. जूनमध्ये तुमचा प्रबंध माझ्याच टेबलावर येणार आहे ना?"

एक ओळ. आणि माणसं दोन.

दोन दिवस ईश्वर जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी त्याने दोन पट्ट्या छापल्या. एक हेडसाहेबांची, एक जानूकाकांची, बोटभर रुंद, वीतभर लांब. म्हणाला, "हेडसाहेबांची टोकाला जराशी चिकटवून नेतो. सही घेतो. मग ती काढून काकांची लावतो आणि पाठवून देतो. परिषदेचं पुस्तक छापून यायला सहा महिने. पुढचं पुढे." मी विचारलं, आणि जूनमध्ये ते बघतील तेव्हा? म्हणाला, "तेव्हा वायरी गुंडाळीन." असं बोलला. माझा नवरा. मला इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, दोन्ही एकदम, की मी ओट्यावर जाऊन उगाच भांडी आपटली.

आता ऐका. पाकीट अमुक तारखेला अमेरिकेत पोचलंच पाहिजे, कुरिअरचं ऑफिस फोर्टला, माझ्या ऑफिससमोर. हेडसाहेबांनी सही केली ती पाठवायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला, आणि दुपारी याला परीक्षेची ड्यूटी. धावत माझ्या ऑफिसात आला, फाईल दिली, पट्टी दिली, गमाची बाटली दिली, घामाने निथळत होता. "वरची काढ, ही लाव. सरळ लाव हं." आणि गेला.

जेवणाच्या सुट्टीत मी टेबल पुसलं. फाईल उघडली. हेडसाहेबांची पट्टी एका टोकाला चिकटलेली, दुसरं टोक पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं. जानूकाकांची माझ्या हातात. तुम्हाला खरं सांगते, आज सांगतेच. मी बसले होते दहा मिनिटं. जून डोळ्यांसमोर. वायरी गुंडाळणारा ईश्वर डोळ्यांसमोर, आणि ती पोरं, त्याची पोरं, 'सर' म्हणायचं की 'वायंगणकर' म्हणायचं असा विचार करणारी. आणि मग माझ्या मनात एक वाक्य आलं. फार साधं वाक्य होतं. 'जानूकाकांना वाचता कुठे येतं?'

मी हेडसाहेबांच्या पट्टीला गम लावला आणि अंगठ्याने दाबली. नीट, सरळ, निळ्या रेघेच्या आत. एकोणीस वर्षांत माझी ओळ मार्जिनबाहेर गेली नाही, तीही गेली नाही. पाकीट बंद केलं, पाठवलं. दुसरी पट्टी पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी ईश्वरने विचारलं, लावलीस? मी म्हटलं, लावली. यात खोटं काय होतं? लावली होती ना.

परिषदेला कोण गेलं ते विचारू नका. हेडसाहेब गेले. तिथला बिल्ला अजून त्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला आहे.

एप्रिलमध्ये पुस्तक आलं, पोस्टाने, जाड पुठ्ठ्यात. शनिवार होता. मी म्हटलं, बघू तरी, उघड. तर म्हणतो, नाही! "नवीन होडी पाण्यात घालताना नारळ फोडतात, त्याआधी कोणी पाय ठेवत नाही. हे काकांसमोर उघडायचं." मी म्हटलं, अरे घरी उघडू, आतून फाटलंबिटलं असेल. नाही. म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, पुढच्या रविवारी जाऊ. तर म्हणाला, तू झोप, मी जाऊन येतो. एकट्याला कसा जाऊ देणार? गेले बरोबर. रिक्षात पुस्तक त्याच्या मांडीवर, नारळ माझ्या मांडीवर. भाईंदर इतक्या लवकर येतं हे मला त्या दिवशी कळलं.

जानूकाका बाजेवर होते. तो शेवटचा दातही गेला होता, गालफडं आत गेलेली. खोकत होते. शांताबाईंनी नारळ घेतला, पायरीवर फोडला, पाणी पुस्तकावर शिंपडलं. ईश्वरने पुठ्ठा फाडला. पान शोधलं. जाळ्याचं चित्र निघालं, छान छापलं होतं, काळंपांढरं, दातातली बाजू लोंबकळत. जानूकाका उठून बसले. बोट ओलं केलं, चित्रावर ठेवलं. "हां," म्हणाले. "आनि माजा वाटा? माजा वाटा कुटं हाय?"

ईश्वरने चौथं पान उघडलं. खालची ओळ वाचली. परत वाचली. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या करवंटीकडे बघत होते, त्यात तीन मुंग्या होत्या, मला त्या तीन मुंग्या अजून दिसतात.

 जानूकाका वाट बघत होते. मग ईश्वरने त्यांचं बोट धरलं, तळाच्या ओळीवर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे नेलं, हळूहळू. म्हणाला, "हे काय काका. जानू... राघो... तांडेल. भाईंदर."

काका म्हणाले, "लांब हाय नाव."

ईश्वर म्हणाला, "इंग्रजीत लांब होतं, काका."

आणि तो म्हातारा रडला हो. बाजेवर बसून, त्या ओळीवर बोट ठेवून. शांताबाईंना म्हणाला, "बघ, लिवलाय. मास्तरनं लिवलाय."

येताना रिक्षात ईश्वर बाहेर तोंड करून बसला.  भांडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं, मी उत्तरं तयार ठेवली होती, जून, वायरी, पोरं, सगळं. पण तो सकाळी डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी डबा घासायला टाकायचा. आठ दिवसांनी मीच म्हटलं, ती पट्टी आहे माझ्याकडे, आपल्या पुस्तकात चिकटवू, त्याचं झेरॉक्स काकांना नेऊन देऊ. तर इतकंच म्हणाला, "जगाच्या पुस्तकात नाही ते. भिंतीवर लावून काय करायचं?" आणि भिंतीवर आधीच लागलं होतं! जानूकाकांनी दोन दिवस पुस्तक ठेवून घेऊन उत्तमकडून त्या पानाचं झेरॉक्स करून फ्रेम केली होती, देवाच्या शेजारी, जिथे ते जाळं टांगलंय त्याच्या खाली.

मेमध्ये हेडसाहेबांनी प्रबंध पुढे सरकवला. सरकणारच. जून संपायच्या आत ईश्वर डॉक्टर झाला. पाटी मीच करून आणली, पितळेची. तो म्हणाला, नको. मी लावली. त्या पाटीवर सकाळी साडेसातला लोक बेल वाजवतात, आणि चूक कुणाची? माझीच.

जानूकाका गणपतीनंतर गेले. दसऱ्याला आम्ही भेटायला गेलो, तेव्हा शांताबाई जाळ्याची पूजा करत होत्या. जाळ्याला हळदकुंकू लावलं आणि मग फ्रेमची काच उघडून त्या खालच्या ओळीला लावलं, डावीकडून उजवीकडे, एका बोटाने. हेडसाहेबांचं नाव, त्यांचं पद, त्यांचा विभाग, सगळं कुंकवाने माखलं. मी ईश्वरकडे बघितलं. तो जाळ्याकडे बघत होता.

आणि आता शांताबाई दर शुक्रवारी येतात. स्टेशनच्या बाजाराला बसतात ना त्या, उठताना तीन जिने चढून माझ्या दारात. मासे घेऊन. मी पैसे काढले तर हात मागे घेतात. "पैशे न्हाय. त्यांचा वाटा तुजे घरवाल्यानं ठेवला, आता आमी तुमचा ठेवतंव. आमच्यान वाटा फुकट न्हाय राहत." दर शुक्रवारी. पाऊस असो, ऊन असो. आणि जाताना विचारतात, "डॉक्टर खातात ना?" मी म्हणते, खातात मावशी, आवडीने खातात. खात नाही तो. एप्रिलपासून त्याने मासा तोंडात घातलेला नाही. ताट आलं की वाटी हळूच माझ्याकडे सरकवतो, डाळ-भात खातो आणि मशीनपाशी जाऊन बसतो. मशीन बंद असतं. पंखा आता माझ्याकडे असतो.

परवा आल्या. केळीच्या पानात गुंडाळलेले ओले बोंबील माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "घे. चार हायेत. पाचवा न्हाय मिलाला."

मी म्हटलं, असू दे मावशी, आमच्याकडे चारच चालतात. आणि तव्यावर तेल घातलं. चारही मलाच खायचे असतात.